निळ्या काचेवरची हळद

आमच्या साडूंनी आयुष्यभर एकच वस्तू पाहिली, आणि ती त्यांना एकदाही दिसलेली नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, ते स्वतःच वर्गात सांगतात. पाटोद्याच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवतात आणि त्यातून उरलेल्या वेळात एका फार दूरच्या दीर्घिकेचा अभ्यास करतात. आक्काच्या, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीच्या मते, दीर्घिकेतून उरलेल्या वेळात ते कॉलेजात जातात. त्या दीर्घिकेच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर बसलेलं आहे आणि त्याच्याभोवती तापलेल्या वायूची एक तबकडी गरगरते आहे. कृष्णविवर काळं, म्हणून दिसत नाही. तबकडी उजेडाची, पण इतकी लांब की त्यांच्या दुर्बिणीलाच काय, मोठमोठ्या दुर्बिणींनाही ती नुसता ठिपका. त्या ठिपक्याचा फोटो साडूंनी मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत दाखवला होता. नवा जावई म्हणून मी भक्तिभावानं पाहिला आणि म्हणालो, "सुरेख आहे." ते म्हणाले, "तो शेजारचा तारा हाय. आपला हा." आपला ठिपका शेजारच्यापेक्षा लहान होता.

खगोलाचा माणूस म्हटलं की लोक गृहीत धरतात, हा रात्र रात्र जागत असणार, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. आमचे साडू साडेनवाला घोरत असतात. हिवाळ्यात त्यांची दीर्घिका दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात चांगली वर येते. तेव्हा ते गच्चीवर जातात, दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यानं निळ्या काचेतून काही फोटो घेतात, मग ती काच काढून तांबडी काच सरकवतात, तिच्यातून काही घेतात, दुर्बिणीवर गोधडी पांघरतात आणि भाकरी गार व्हायच्या आत खाली येतात. बाकीच्या आकाशाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. एकदा शेजारच्या म्हाताऱ्यांनी मावळतीला लखलखणारी चांदणी दाखवून विचारलं, "सर, ही कोनती हो?" साडूंनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "विमान असंल." ती शुक्राची चांदणी आहे हे म्हाताऱ्यांना चांगलं ठाऊक होतं, सरांना ठाऊक आहे का एवढंच त्यांना पाहायचं होतं. ग्रहण आलं की गल्लीतल्या बाया आक्काकडे शंका घेऊन येतात, पोटुशीनं भाजी चिरावी का, पाणी कधी भरावं. साडू आतून सांगतात, "सूर्याचं मला कावून इचारता? मी त्या खात्यात न्हाई."

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातला अर्धा मुलूख ऊस तोडायला बाहेर पडतो आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतो. साडूंचा हंगामही तोच, फक्त ते गच्चीवर जातात. दसऱ्याला ढग हटतात, होळीनंतर दीर्घिका सूर्याच्या आड जाते, आणि ती पुन्हा बाहेर निघेस्तोवर पावसाळा लागलेला असतो. आक्का तिला 'पाव्हणी' म्हणते. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की विचारते, "आली का पाव्हणी?" साडू म्हणतात, "आली." आक्का म्हणते, "मग ऱ्हावा आता होळीपस्तोर वर." या काळात साडू कुणाच्या लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला जात नाहीत. गेलेच तर दुपारच्या पहिल्या पंगतीला जेवतात आणि हात वाळायच्या आत एसटी धरतात. सासुरवाडीच्या माणसांनी आधी राग धरला, मग नाद सोडला, आणि शेवटी जुळवून घेतलं. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नाची तारीख काढायला गुरुजी बसले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बजावलं, "शुक्राचा अस्त ऱ्हाऊ द्या. आमच्या जावयाच्या पाव्हणीचा अस्त कवा हाय ते आधी बघा." लग्न वैशाखात झालं आणि साडूंनी त्यात शेवटपर्यंत वाढप केलं.

तबकडी म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी आम्हाला धर्मापुरीला समजावून दिलं. सगळं घर गाडी करून तिथल्या जुन्या देवळाला गेलो होतो. मी आपला भिंतीवरच्या मूर्ती पाहत होतो, तेवढ्यात साडूंनी बायामाणसांना देवळाभोवती तीन रांगांत उभं केलं. आतल्या रांगेनं भराभर चालायचं, मधलीनं बेतानं, बाहेरचीनं रमतगमत, आणि रांगा एकमेकींना घासल्या पाहिजेत. माझी बायको आतल्या रांगेत होती, तिची मावशी मधल्या. पहिल्या फेरीत खांद्याला खांदा घासला, दुसऱ्या फेरीत शब्दाला शब्द. मावशी चांगल्याच तापल्या. साडू खूश झाले. म्हणाले, "हेच. घासलं की तापतं, तापलं की उजेड पडतो. अन् घासल्यानं ज्याचा जोर कमी व्हतो, तो आत वढला जातो."

"आत कुठं?" मावशींनी विचारलं.

साडूंनी गाभाऱ्याच्या काळोखाकडे बोट केलं.

"मग भायेर कवा यायचं?"

"भायेर कुणी येत न्हाई."

मावशी दर्शन न घेता गाडीत जाऊन बसल्या. परतताना साडू त्यांना सांगत होते की आतली बाजू सगळ्यात तापलेली म्हणून ती निळी, बाहेरची त्यामानानं निवलेली म्हणून तांबडी. आत काही भडकलं की आधी निळा उजेड वाढतो. ती खबर बाहेरच्या कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तांबडा उजेड काही दिवसांनी वाढतो. या दोहोंमधला उशीर मोजला की तबकडी केवढी आहे ते कळतं. न दिसणाऱ्या वस्तूला फूटपट्टी लावायची त्यांच्याजवळ एवढी एकच युक्ती आहे. मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या, त्यामुळे हे सगळं मला ऐकावं लागलं.

उशीर मोजायची ही खोड गच्चीवरच राहिली असती तर बरं झालं असतं. एकदा सकाळी दाढी करता करता त्यांनी सलूनमध्ये 'आपली बदली झाली' असं सहज सोडून दिलं आणि घरी येऊन घड्याळाकडे पाहत बसले. दुपारच्या आत ती बातमी आक्काला पिठाच्या गिरणीत कळली, आणि ती डोक्यावर दळणाचा डबा घेऊन तशीच रडत घरी आली. साडूंनी तिला आधी पाणी दिलं नाही, आधी वेळ पाहिली. मग म्हणाले, "पाटोदा वाटतंय तेवढं मोठं न्हाई." त्यानंतर आक्कानं जो अबोला धरला तो मात्र त्यांनी मोजल्याचं ऐकिवात नाही. वर्गात विनोद सांगितला की कोणता बाक किती वेळानं हसतो यावरून ते पोरांची कुवत ठरवतात, आणि मागच्या बाकावरचा एक जण दुसऱ्या दिवशी हसला तेव्हा त्याचं त्यांनी कौतुक केलं, की एवढ्या लांबून का होईना, पण खबर पोचली.

स्वतः साडू तरी कुठं जवळ होते. एका दिवाळीत पंगतीत सासऱ्यांनी त्यांना टोमणा मारला, "जावयबापूंनी आभाळ येवढं बघितलं, पण जमीन गुंठाभर घेतली न्हाई." सगळे हसले. साडूही हसले आणि आणखी एक करंजी मागून घेतली. पुढच्या दिवाळीला, त्याच ओसरीत, करंजी हातात घेऊन ते एकदम म्हणाले, "मामा, ते जमिनीचं तुमी म्हनलात, ते मला काही आवडलं न्हाई." सासऱ्यांना काही आठवेना. "कवा म्हनलो बुवा?" म्हणून ते आमच्याकडे पाहायला लागले. माझी बायको म्हणते, दाजींना काटा रुतला तर कळ उशिरा येते. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

माझा आणि त्यांचा संबंध मुख्यतः विजेचा. मी बीडला वीज खात्यात कारकून आहे. तारांशी माझा काही संबंध नाही, मी फायलींवर बसतो, पण साडूंच्या लेखी सगळी वीज माझ्या टेबलावरून जाते. त्यांचा फोन आला की 'कसे आहात' नाही, 'पोरंबाळं बरी का' नाही, सरळ, "साडूभाऊ, आज लाईट जानार का?" मी म्हणतो, "मला नाही माहीत, सर." सगळा पाटोदा त्यांना सर म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. ते म्हणतात, "मग तुमी तिथं करता तरी काय?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्यांना एकुलती एक लेक, राणी. गच्चीवर बापाच्या मागे मागे फिरून तिला ते काम आपोआप आलं. साडू तापानं पडले तेव्हा, निवडणुकीच्या कामावर गेले तेव्हा, पाव्हणीकडे तीच बघायची. मलाही साडूंनी एकदा शिकवून पाहिलं होतं. मी काढलेला फोटो त्यांनी संगणकावर मोठा केला, तर ती समोरच्या घरावरची पाण्याची टाकी निघाली. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

राणीचं लग्न तेलगावच्या एका चांगल्या घरात ठरलं. साडूंनी वैशाखासाठी पुष्कळ रदबदली केली, पण मुलाच्या आजोबांची तब्येत नाजूक, त्यांना नातसून डोळ्यांनी पाहायची होती. तारीख मार्गशीर्षातली निघाली, म्हणजे पाव्हणीच्या ऐन मुक्कामातली. साडूंनी मान खाली घालून सुपारी फोडली. मला म्हणाले, "एक-दोन सांजा जातील. जाऊ द्या. पोरीपरीस काय मोठं हाय?" त्यांच्या तोंडून हे ऐकून आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि लग्नाच्या आधल्या आठवड्यात पाव्हणी भडकली. इतकी वर्षं जी आपली मंद लुकलुकत होती, तिचा निळा उजेड एकाएकी वाढायला लागला, आणि असा वाढला की साडूंच्या सगळ्या आयुष्यात तसा वाढला नव्हता. हे काम एकट्याचं नसतं. जगभरातल्या अशाच नादिष्टांची एक साखळी आहे. पृथ्वी फिरते, एकाकडे उजाडतं तेव्हा दुसऱ्याकडे मावळतं, म्हणून सगळे आळीपाळीनं त्याच एका ठिपक्यावर नजर ठेवतात आणि चिलीतल्या एक बाई सगळ्यांचे आकडे जोडतात. आपल्या पट्ट्यात दोनच माणसं, एक साडू आणि दुसरे एक गृहस्थ, त्यांचा कॅमेरा नेमका दुरुस्तीला गेलेला. बाईंनी साडूंना कळवलं, उजेड आता कळसाला आला आहे, येत्या दोन-तीन सांजांत तो उतरायला लागेल. नेमका कधी उतरला हे चुकलं, तर तांबड्याचा उशीर कुठून मोजायचा? म्हणजे तबकडी मापायची आयुष्यातली एकमेव संधी, आणि त्यातला बीडचा तुकडा हळदीच्या संध्याकाळी रिकामा. साडू मांडवात आले-गेलेल्यांना या-बसा करत राहिले, पण त्यांचा चहा प्रत्येक वेळी गार होत होता, एवढं मी पाहिलं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी देवक बसवायचं होतं. साडू आणि आक्का पाटावर बसले, साडूंच्या उपरण्याची आणि आक्काच्या शालूची गाठ मारली, आणि गुरुजींनी सुरुवात केली. गुरुजी जुन्या वळणाचे, एक अक्षर गाळायचे नाहीत. गाठ सुटेपर्यंत उठता येत नाही. बाहेर दिवस मावळला. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याची टाकी आम्हा दोघांनाही एकदमच आठवली असावी, कारण त्यांनी लगेच नजर खाली घातली.

राणीनं ते पाहिलं. हळद लागून, पिवळ्या साडीत, ती दाराच्या आत बसली होती. उठली आणि जिन्याकडे निघाली. दारात साडूंच्या आत्या पाय पसरून बसल्या होत्या.

"कुठं?"

"वर जाऊन येते, आज्जी. पप्पाचं काम हाय."

"हळद लागलेली पोरगी उंबरा वलांडत न्हाई."

"जिना घरातलाच हाय की."

"जिना भायेर हाय. तुझ्या बापानं बांधला तवा मी इथंच व्हते."

खरं होतं, जिना अंगणातून वर जातो. आत्या हलेनात. राणी रडकुंडीला आली. शेवटी मी विचारलं, "आत्या, मांडवाखाली तिला चालतं ना?" आत्या म्हणाल्या, "मांडव म्हंजी घरच." मग मी मांडववाल्याला हाताशी धरलं आणि मांडवाचं एक कापड ओढून जिन्याच्या पहिल्या पायरीपासून गच्चीपर्यंत बांधून घेतलं. आत्यांनी बाहेर येऊन ते खालून नीट पाहिलं, एका ठिकाणी फट होती ती बुजवायला लावली, आणि परवानगी दिली. मात्र हळदीच्या अंगानं जायचं तर हातात लोखंड हवं, म्हणून कमरेचा अडकित्ता काढून राणीच्या मुठीत दिला. "हा खाली ठिवायचा न्हाई," म्हणाल्या, "काय बी झालं तरी." राणीनं मान डोलावली.

राहिले मांडवातले हॅलोजन. त्यांचा लखलखाट थेट गच्चीवर जात होता. सगळं जनरेटरवर होतं. मी जनरेटरवाल्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "बंद कर बे थोडा वेळ." तो म्हणाला, "कावून?" सगळ्या लग्नात हा प्रश्न विचारणारा तो एकटाच निघाला. कारण दिवे गेले तेव्हा मांडवात फक्त कुणीतरी म्हणालं, "गेली," आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "येईल." आमच्याकडे लाईट गेली तर कुणी कारण विचारत नाही. जात्याजवळच्या बायांनी गाणं थांबवलं नाही, गुरुजींनी मोबाईलचा उजेड पोथीवर धरला आणि अक्षर न गाळता पुढे गेले. पाटावर साडू अंधारात बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पाटाशी कुणीतरी आणून दिलेला चहा गरम असताना प्यायला.

थोड्या वेळानं राणी खाली आली, अडकित्ता आत्यांना परत केला, आणि मी जनरेटर सुरू करायला सांगितला. ती बापाकडे पाहून नुसती हसली. साडूंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. उन्हं कलताना पाठवणी झाली. गाडीजवळ आक्का कोसळली, माझी बायको कोसळली, धर्मापुरीपासून न बोलणाऱ्या मावशीसुद्धा साडूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. साडू कोरडे. राणी गळ्यात पडली तर म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. तेलगावला रेंज असंल." गाडी वळणाआड गेली, आणि दिवेलागण झाली तसे ते गच्चीवर गेले. मांडव अजून उतरलाही नव्हता. पाहुण्यांत कुजबुज झाली. पोरगी आत्ता गेली आन् हा गडी दुर्बिणीला चिकटला. मलाही खरं सांगायचं तर राग आला. आक्कानं त्या दिवशी त्यांना ताट वाढून ठेवलं, पण 'जेवा' म्हणाली नाही.

पुढे कितीतरी दिवस मी पाटोद्याला गेलो नाही. नंतर एका रविवारी गेलो तेव्हा साडूंचा चेहरा उतरलेला होता. त्यांचा निळा उजेड सगळ्यांच्या मानानं कमी येत होता. लग्नाच्या दिवसापासून पाव्हणी बीडवरून जरा मंद दिसत होती, स्पेनमधून नाही, जपानमधून नाही, फक्त बीडवरून. साखळीतल्या लोकांनी आधी अदबीनं विचारलं, मग जरा स्पष्ट विचारलं. बाईंनी लिहिलं होतं की कारण सापडलं नाही तर बीडचे सगळेच आकडे बाजूला ठेवावे लागतील. सगळेच म्हणजे हळदीच्या सांजेचेसुद्धा. त्या सांजेलाच नेमका उजेड उतरायला लागला होता, आणि ते साऱ्या जगात फक्त राणीनं टिपलं होतं. साडूंनी कॅमेरा तपासला, तारा तपासल्या, दुर्बिणीचा आरसा तपासला. मला म्हणाले, "व्होल्टेजचं काही असंल का हो?" मी म्हणालो, "मला नाही माहीत, सर." या वेळी त्यांनी 'मग तुमी करता काय' असंही विचारलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर ते गच्चीवर गेले. बराच वेळ खाली आले नाहीत म्हणून आक्कानं मला पाठवलं. साडू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, हातात ती निळी काच, आणि ते रडत होते. हुंदके देऊन नाही, डोळ्यांतून नुसतं पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी घाबरून आक्काला हाक मारली. साडूंनी काच उन्हात तिरकी धरून आम्हाला दाखवली. निळ्या काचेवर मधोमध एका अंगठ्याचा ठसा होता, पिवळा.

एका हातात अडकित्ता, तो खाली ठेवायचा नाही. दुसऱ्या हातानं अंधारात निळी काच काढायची आणि तांबडी घालायची. निळ्यातून फोटो घेऊन झाल्यावर काच काढताना तिचा तेला-हळदीचा अंगठा तिच्यावर टेकला होता. त्या सांजेचे फोटो चोख होते, त्याच्या पुढचे सगळे हळदीतून आलेले. पिवळं निळ्याला खातं. पाव्हणीचा ठिपका नेमका त्या ठशाखाली येत होता, आणि ज्याच्याशी ताडून तिचा उजेड मोजायचा तो शेजारचा तारा बाहेर राहत होता.

आक्कानं काच निरखली आणि डोळ्याला पदर लावला. मग सवयीनं म्हणाली, "उन्हात ठिवा थोडं. हळदीचा डाग उन्हानं आपसूक जातो." साडूंनी काच एकदम सावलीत ओढली. म्हणाले, "हात लावू नको." एवढंच म्हणाले, पण आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. देवकाच्या पाटानंतर ते दोघं असे शेजारी बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला सासऱ्यांचा टोमणा आठवला, ती दुसऱ्या दिवाळीची करंजी आठवली, आणि मला हसू आलं नाही.

नंतर साडूंनी चिलीच्या बाईंना सगळं खरं लिहिलं. हळद म्हणजे काय, ती लग्नाआधी का लावतात, हळद लागलेल्या मुलीच्या हातात लोखंड का देतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी आत्यांना विचारून लिहिलं. त्यांनी नवी निळी काच मागवली, एकाच ताऱ्याचे फोटो कधी ठशातून, कधी नव्या काचेतून घेतले, आणि राणीची हळद निळा उजेड किती खाते ते काढून सगळे जुने आकडे दुरुस्त केले. बीडचा तुकडा बसला. काही दिवसांनी तांबडा उजेडही चढला आणि उतरला, उशीर मिळाला, तबकडी मापली गेली. पुस्तकात लिहिलं आहे त्यापेक्षा ती मोठी निघाली. साडू म्हणतात, बहुतेक ठिकाणी ती तशीच निघते, आपण तिला उगाच लहान समजत आलो.

शोधनिबंधात त्या सांजेची निरीक्षक म्हणून राणीचं नाव घालायचं ठरलं तेव्हा बाईंनी आडनाव विचारलं. तेलगावचं घालावं असं व्याह्यांनी प्रेमानं सुचवलं. साडू त्यांना म्हणाले, "निरीक्षणाच्या येळी हळद लागली व्हती, अक्षता पडल्या नव्हत्या. शास्त्रात येळ महत्त्वाची असती." निबंधात माहेरचंच आडनाव छापलं गेलं.

या वर्षी राणी पहिल्या पंचमीला माहेरी आली. आम्हीही गेलो होतो. पाऊस लागून राहिला होता, गच्चीवर दुर्बीण ताडपत्रीखाली, झोका दारातल्या छताच्या कडीला बांधलेला. राणी घरभर फिरत होती, माहेरी आलेल्या पोरी फिरतात तशी, प्रत्येक डबा उघडून बघत. साडूंच्या कपाटात तिला काळ्या मखमलीत गुंडाळलेली ती काच सापडली. तिनं ती दारातल्या उजेडाला धरली.

"अगबाई, पप्पा, हे अजून पुसलंच न्हाई का?" असं म्हणत तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

साडू झोक्याचा दोर ताणून बघत होते. दोर सोडून ते तिच्याजवळ आले, काच तिच्या हातातून अलगद घेतली आणि पुन्हा मखमलीत गुंडाळायला लागले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "अजून मोजायचं हाय."

बाहेर ढग गच्च भरलेले होते आणि पाव्हणी यायला दसरा उजाडायचा होता. राणीनं पदर सोडला आणि मखमलीचं एक टोक धरलं, म्हणजे त्यांना घडी नीट घालता येईल.